फेसबुक पुसलं, इन्स्टाग्राम ठेवलं, व्हॉट्सअ‍ॅप आवरलं

फेसबुकचं खातं डिलीट करायचं बटण शोधायला पाच मिनिटं पुरतात. त्या बटणापर्यंत जाण्याआधीची कामं उरकायला मला जानेवारी ते एप्रिल लागले. ही नोंद त्या कामांची, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांची. सोशल मीडिया चांगला की वाईट यावर मला काही म्हणायचं नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बहुतेक तिथेच लिहितात.

फेसबुकवर मी 2009च्या अखेरीला आले. लाइकचं बटण त्याच वर्षी फेब्रुवारीत आलं होतं, म्हणजे लाइक नसलेलं फेसबुक मी पाहिलेलंच नाही. पुढे इन्स्टाग्राम आलं, ट्विटर आलं (2023 पासून एक्स), व्हॉट्सअ‍ॅप तर कधी आलं ते आठवतही नाही. मी घरून मुद्रितशोधनाची कामं करते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासायची आणि विश्रांती म्हणून पुन्हा दुसऱ्यांची वाक्यंच वाचायची, असा दिनक्रम कित्येक वर्षं चालला. काही कामंही तिथल्या ओळखींतूनच मिळाली, त्यामुळे ‘हा नुसता टाइमपास नाही’ असं स्वतःला सांगायची सोय होती.

वेळ जातो हे माहीत होतंच, त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. खटकलं ते दुसरंच. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. काळजी होती, पण तिच्या जोडीला डोक्यात वाक्यं जुळत होती. सुरुवात कुठून करायची, विनोद कुठे टाकायचा, फोटो कुठला. बाबा डोळ्यावर पट्टी लावून हसत बाहेर आले तेव्हा झालेल्या आनंदात पोस्टला शेवट मिळाल्याचाही आनंद होता. ती पोस्ट मी टाकली नाही. पण त्यानंतर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की हे रोजच चालू आहे. प्रसंग संपायच्या आत त्याचा मजकूर तयार असतो.

जानेवारीत पहिलं काम केलं ते मोजणीचं. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही सोय 2018 पासून आहे. कोणतं अ‍ॅप किती वेळ चाललं, फोन किती वेळा उघडला, नोटिफिकेशन कुणाची किती आली, सगळं दिसतं. तासांचा आकडा पाहून धक्का बसेल अशी माझी अपेक्षा होती, तसं काही झालं नाही. तीन तासांच्या आसपास होता, मला साधारण अंदाज होताच. फोन उघडल्याचा आकडा मात्र बघवेना.

मग एक वही घेतली. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडताना कुणासाठी उघडतेय त्या माणसाचं नाव लिहायचं. नाव सुचलं नाही तर रेघ मारायची. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकताना हे वेडेपणाचंच वाटतं. पानंच्या पानं रेघांनी भरली. मधूनमधून नावं होती, आणि ती फिरून फिरून तीच. मित्रयादीत हजारावर माणसं, आणि वहीत दोन डझन नावंही नाहीत. तुम्ही काहीही बदलायचं ठरवलं नसलं तरी ही वही आठवडाभर करून बघा. माझे पुढचे सगळे निर्णय तिच्यावरूनच झाले. रेघा कमी करायच्या होत्या आणि नावं एकही गमवायची नव्हती.

फेब्रुवारी सेटिंगच्या खटपटीत गेला. आधी वेळेची मर्यादा लावून पाहिली. मर्यादा संपली की अ‍ॅप बंद होतं, पण ती वाढवायची मुभाही तिथेच समोर असते. कुलूप आपलं, किल्ली आपल्याच खिशात. माझा अंगठा दोन दिवसांत ते बटण न बघता दाबायला शिकला. पडदा कृष्णधवल करण्याचा उपाय त्या मानानं बरा निघाला. रंग गेले की रील्सची निम्मी जादू जाते. लेख मात्र आहे तसेच वाचता येतात.

खरा उपयोग झाला तो इन्स्टाग्रामच्या एका कोपऱ्यातल्या सोयीचा. वरच्या नावावर टॅप केलं की ‘फॉलोइंग’ असा पर्याय येतो. त्यात फक्त आपण फॉलो केलेल्यांच्या पोस्ट दिसतात, त्याही काळाच्या क्रमानं. 2016 साली इन्स्टाग्रामनं काळाचा क्रम सोडून आपल्या गणितानं पोस्ट लावायला सुरुवात केली होती, हा पर्याय 2022 मध्ये परत दिला. तो कायमचा ठेवता येत नाही, प्रत्येक वेळी निवडावा लागतो. सुचवलेल्या पोस्टही सेटिंगमधून 30 दिवसांसाठी थांबवता येतात, मुदत संपली की पुन्हा थांबवायच्या. हे दोन्ही केल्यावर माझं इन्स्टाग्राम पाच-सात मिनिटांत संपलं. म्हणजे खरोखर संपलं, खाली काही उरलंच नाही. माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं आता तिथे काही टाकतच नाहीत. ज्याला मी ‘संपर्कात राहणं’ म्हणत होते त्यात अनोळखी लोकांचे स्वयंपाकघरातले ओटे, कुत्री आणि भांडणं एवढंच होतं. त्या रात्री थोडं पोरकं वाटलं, लपवत नाही.

याच सुमारास एका अभ्यासाबद्दल वाचलं. अमेरिकेत 2018च्या मध्यावधी निवडणुकीआधी हंट अल्कॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. त्यात लोकांनी घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर वेळ घालवला, आणि एकट्यानं टीव्हीही पाहिला. मनाला बरं वाटू लागलं, पण थोडंच. चालू बातम्यांची माहिती कमी झाली. प्रयोग संपल्यावरही त्या लोकांचा वापर पूर्वीइतका वाढला नाही. मला त्यातला ‘थोडंच’ फार आवडला. सोडल्यावर आयुष्य उजळलं असं सांगणाऱ्या लेखांनी माझी भीतीच वाढली होती. आपल्याला तसं काही झालं नाही तर? थोडं बरं वाटणार असेल तर तेवढं जमण्यासारखं होतं.

वहीतली नावं बघून ठरवलं. फेसबुकवर रेघाच रेघा, ते डिलीट. इन्स्टाग्रामवर भाच्या आणि जुन्या दोन मैत्रिणी, ते ठेवायचं, पण फोनवर अ‍ॅप नको, लॅपटॉपच्या ब्राउजरवर उघडायचं. एक्सचं नंतर बघू. व्हॉट्सअ‍ॅप सोडणं शक्य नव्हतं. तिथे नावं खूप होती.

मार्चमध्ये कागदपत्रांची म्हणावीत अशी कामं सुरू झाली. फेसबुकवर डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट हे दोन वेगळे रस्ते आहेत. डिअ‍ॅक्टिव्हेट केलं की प्रोफाइल झाकलं जातं, मेसेंजर हवं तर चालू राहतं, आणि कधीही परत येता येतं. डिलीट म्हणजे मेसेंजरसकट सगळं जातं. त्यातही पहिले 30 दिवस विनंती रद्द करता येते, आणि त्यानंतर सगळा मजकूर पुसला जायला एकूण 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. दोन्ही पर्याय अकाउंट्स सेंटरमध्ये, ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’ या नावाखाली आहेत. नावं अधूनमधून बदलतात, तेव्हा सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधचौकटीत शब्द टाकून बघा.

आधी आपल्या माहितीची प्रत मागवायची. इथे तीन गोष्टी नीट निवडा. कालावधी अगदी सुरुवातीपासूनचा, फोटोंची प्रत उच्च दर्जाची, आणि फाइलचा प्रकार एचटीएमएल. जेसन हा दुसरा प्रकार यंत्रांसाठी असतो, आपल्याला वाचता येत नाही. विनंती केल्यावर थांबावं लागतं. माझी फाइल दोन दिवसांनी तयार झाली, आणि उतरवून घ्यायची मुदत मोजक्या दिवसांचीच असते, म्हणून प्रवासाच्या तोंडावर हे काम काढू नका. मी ती लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर अशी दोन ठिकाणी ठेवली.

फाइल उघडून बसले त्यात अख्खा रविवार गेला. कधी काय शोधलं, कुणाच्या विनंत्या नाकारल्या, कोणत्या यंत्रावरून लॉगिन केलं, कोणकोणत्या जाहिरातदारांच्या याद्यांत मी आहे. इतकी सविस्तर नोंद मी स्वतःची कधी ठेवली नसती. आणि जे मला हवं होतं तेच त्यात नव्हतं. माझ्या पोस्ट होत्या, पण त्यांच्याखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते बहुतेक आलंच नव्हतं. माझी आई गेली तेव्हा तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी त्या पोस्टखाली आठवणी लिहिल्या होत्या, तिच्या लहानपणाच्या, मलाही माहीत नसलेल्या. मी परत फेसबुकवर जाऊन एकेक प्रतिक्रिया हातानं उतरवून घेतली. तुमच्याही अशा दोन-चार पोस्ट असतील. डिलीट करण्याआधी त्यांची पानं जपून ठेवा, फाइलीवर विसंबू नका.

पुढचं काम लॉगिनचं. ‘फेसबुकनं लॉगिन करा’ हे बटण आपण वर्षानुवर्षं दाबत आलेलो असतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स अँड वेबसाइट्सखाली त्यांची यादी मिळते. माझी यादी लांबलचक निघाली, त्यातली बरीचशी मेलेली अ‍ॅप्स. जी जिवंत होती तिथे जाऊन ईमेल आणि पासवर्ड लावून घेतला. एका अ‍ॅपमध्ये माझ्या कित्येक वर्षांच्या वाचनाच्या नोंदी होत्या आणि तिथे लॉगिनचा प्रकार बदलायची सोयच दिसेना. त्यांना लिहिलं, आठवडाभर उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी उत्तर आलं ते ‘तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असं. मी त्या नोंदी कॉपी करून वर्डच्या फायलीत टाकल्या आणि ते अ‍ॅपही काढून टाकलं.

मग अ‍ॅडमिनपद. शब्दकोड्यांच्या एका ग्रुपची मी अ‍ॅडमिन होते आणि एका पेजची एकटीच अ‍ॅडमिन होते. पेजला दुसरा अ‍ॅडमिन नसेल तर खात्याबरोबर पेजही जातं. दोन्हीकडे दुसऱ्यांना पूर्ण अधिकार दिले, त्यांनी ते स्वीकारलेत याची खात्री केली. माझ्यानंतर ग्रुप बंद पडेल असं वाटलं होतं. तो आता जास्त जोरात चालतो असं ऐकते.

सगळ्यात वेळखाऊ काम माणसांचं निघालं. वहीतली नावं आणि आणखी काही, अशा प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला. एकच मजकूर सगळ्यांना पाठवायचा मोह टाळला, म्हणून महिना त्यातच गेला. ‘मी फेसबुक बंद करतेय, तुझा नंबर आणि ईमेल दे, माझा हा घे.’ ज्यांच्याकडून कामं येत होती त्यांना स्वतंत्र ईमेल. वाढदिवस बघून बघून कॅलेंडरमध्ये टाकले. घरातले दोन-तीन सोडले तर मला कुणाचाच पाठ नव्हता. काही जणांनी नंबर दिला, काहींनी नुसता अंगठा दाखवला, काहींनी निरोप पाहिलाच नाही. नंबर मागायला संकोच वाटला अशीही नावं होती, पंधरा वर्षं एकमेकींच्या पोस्ट लाइक करूनसुद्धा. त्यांचं काय करायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काहींना तसंच सोडलं.

12 एप्रिलला बटण दाबलं. निरोपाची पोस्ट टाकली नाही, कारण ती टाकली असती तर लाइक बघायला थांबले असते.

पहिला आठवडा हात शिवशिवण्यात गेला. फोनवर जिथे फेसबुकचं चिन्ह होतं तिथेच अंगठा जायचा. त्या जागी मी ई-पुस्तकांचं अ‍ॅप आणून ठेवलं, ही युक्ती चालते. रोज नाही, पण चालते. डोक्यातलं वाक्यं जुळवणं मात्र चालूच होतं, आणि आता ती वाक्यं टाकायला जागा नव्हती. फार अस्वस्थ वाटायचं. काही वाक्यं बहिणीला फोन करून सांगितली. ती म्हणाली, ‘ताई, हे तू वाचून दाखवतेयस का?’ जूनच्या सुमारास कधीतरी ते जुळवणं विरळ झालं. नक्की कधी ते सांगता येणार नाही.

तीस दिवसांत परत लॉगिन करायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं असतं. फोन, टॅब, जुना लॅपटॉप, सगळीकडून आधीच लॉगआउट करून ठेवा, आणि ब्राउजरमध्ये साठवलेला पासवर्डही काढून टाका. रात्री अकरानंतरचं आपलं मन काय करेल याचा भरवसा नसतो.

त्या महिन्यात फोन आले ते भलत्याच कारणानं. माझं प्रोफाइल दिसेना म्हणून एका मामेभावानं रागावूनच विचारलं, ‘ब्लॉक केलंस ना मला? त्या निवडणुकीच्या पोस्टवरून?’ खातं नाहीसं झालं की समोरच्याला ते ब्लॉक केल्यासारखंच भासतं. हे आधी ठाऊक असतं तर निरोपाच्या यादीत भांडकुदळ नातेवाइकांना पहिला नंबर दिला असता. त्याला पटवायला अर्धा तास लागला, पण त्या अर्ध्या तासात आम्ही पुष्कळ वर्षांनी धड बोललो. बाकी हजारातल्या बहुतेकांना मी नाही हे कळलंही नसावं. याचं वाईट वाटेल अशी तयारी ठेवा. मला वाटलं, आणि आठवड्याभरात गेलंही.

एक नुकसान मात्र भरून येणारं नाही. माझ्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ मे महिन्यात गेले. मुद्रितशोधनाच्या खुणा मला त्यांनी शिकवल्या होत्या. बातमी फेसबुकवर पसरली, श्रद्धांजलीच्या सभेची सूचनाही तिथेच. मला कळलं जुलैमध्ये, दुसऱ्याच कामासाठी आलेल्या फोनवर, बोलता बोलता. त्यांच्या घरी जाऊन आले. वहिनी म्हणाल्या, ‘तुला येता आलं नसेल असं वाटलं आम्हाला.’ मी काय सांगणार. त्यानंतर जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाला सांगून ठेवलंय की असं काही असेल तर एवढा एक फोन कर. फेसबुक सोडायचं असेल तर प्रत्येक गोतावळ्यातलं असं एक माणूस आधीच गाठून ठेवा.

कामाच्या बाबतीत म्हणाल तर नवीन विचारणा थोड्या कमी झाल्या. जुनी माणसं ईमेलवर येतातच. खर्च या सगळ्याला काही नाही, हार्ड डिस्क घरात होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं आवरणं मेमध्ये हाती घेतलं. ग्रुप तीन प्रकारचे निघाले. कामाचे तसेच ठेवले. ज्यात कुणीच माझ्या ओळखीचं नव्हतं ते सोडले. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, सगळ्यांसमोर नाव झळकत नाही, त्यामुळे हे सोपं झालंय. उरले नातेवाइकांचे. ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले, रात्री जेवणानंतर एकदा उघडते. ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ हे सेटिंग फक्त ओळखीच्यांपुरतं केलं. निळ्या खुणा बंद केल्या. त्या बंद केल्या की दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये तर त्या बंद होतच नाहीत, हे लक्षात असू द्या. दोन दिवसांत वन्संचा फोन. ‘काही राग आलाय का? मेसेज वाचत नाहीस हल्ली.’ म्हटलं, वाचते, खूण दिसत नाही एवढंच. त्यांना ते काही आवडलं नाही. अजूनही महत्त्वाचं काही पाठवलं की पाठोपाठ फोन करतात, ‘पाठवलंय, बघ’. माझी हरकत नाही.

इन्स्टाग्राम लॅपटॉपवर दोन-चार दिवसांनी उघडते. भाचीनं काही टाकलं असेल तर तिला थेट लिहिते, खाली प्रतिक्रिया टाकत नाही. एक्सवरून फक्त माझा संग्रह मागवून घेतलाय. तिथेही बंद केल्यावर 30 दिवसांची मुदत असते. अजून बंद केलेलं नाही, भूकंपाचा धक्का जाणवला की सगळ्यात आधी तिथेच बघायला जाते.

डिलीट केल्यावर काय उरतं, हेही बऱ्याच जणांनी विचारलं. तुम्ही पाठवलेले निरोप समोरच्याच्या पेटीत राहतात, फक्त नावाच्या जागी ‘फेसबुक यूजर’ दिसतं. दुसऱ्यांनी टाकलेले तुमचे फोटोही राहतात. ते काढायचे तर ज्यानं टाकले त्यालाच सांगावं लागतं. कॉलेजच्या सहलीतला माझा एक भयानक फोटो मैत्रिणीच्या प्रोफाइलवर आहे. तिला काढ म्हटलं, तर म्हणाली, ‘त्यात मी बारीक दिसतेय गं, असू दे.’ असू दिला.